चालवावी की जपावी? जुन्या मोटारींपुढचा एक अवघड प्रश्न

आजचा धागा थोडा लांबणार आहे. किल्ले, ताम्रपट आणि बखरी आज बाजूला ठेवू आणि एका संग्रहालयाच्या गॅरेजमध्ये जाऊ.

इंग्लंडच्या दक्षिणेस ब्यूली या गावी तेथील राष्ट्रीय मोटार संग्रहालय आहे. तेथे १९२० सालची एक शर्यतीची मोटार उभी असते. तिचे नाव तिच्या अश्वशक्तीवरूनच पडलेले आहे : सनबीम ३५० एच.पी. इंजिन बारा सिलिंडरांचे, सुमारे १८ लिटरचे, विमानांच्या इंजिनांच्या घराण्यातले. आपल्या रस्त्यांवरच्या छोट्या मोटारीचे इंजिन एक-सव्वा लिटरचे असते, यावरून या प्रकरणाचा आवाका ध्यानात यावा. १९२२ साली ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर केनेल्म ली गिनेस याने हिच्यावर ताशी १३३.७५ मैलांचा विक्रम केला. पुढे माल्कम कॅम्पबेलने ती मिळवली, निळ्या रंगात रंगवली आणि तिला ‘ब्लूबर्ड’ म्हटले. वेल्समधील पेंडाइनच्या वाळूवर त्याने १९२४ साली ताशी १४६.१६ मैल गाठले आणि २१ जुलै १९२५ रोजी १५०.७६. दीडशे मैलांचा उंबरठा जमिनीवरून प्रथमच ओलांडला गेला तो असा.

आता १९९३. संग्रहालयाच्या लोकांनी या मोटारीचे इंजिन चाचणीसाठी सुरू केले. आत तेल वाहून नेणारी एक वाट बुजलेली होती आणि बाहेरून ते दिसण्याचा काही मार्ग नव्हता. तेल पोचले नाही, धातूवर धातू घासला, इंजिन जागच्या जागी जाम झाले आणि कनेक्टिंग रॉड निखळला. ज्या यंत्राने कॅम्पबेलला सुखरूप परत आणले होते, ते एका चाचणीत निकामी झाले. दुरुस्तीला पुढची वीस वर्षे लागली.

या घटनेकडे पाहून लोक दोन टोकांचे निष्कर्ष काढतात. एक पक्ष म्हणतो, कशाला सुरू केली? संग्रहालयातली वस्तू ती, काचेपलीकडे राहू द्यायची. दुसरा पक्ष म्हणतो, इतकी वर्षे नुसती उभी का ठेवली? दोन्ही पक्षांत जाणती माणसे आहेत. मला स्वतःला दुसऱ्यांचे म्हणणे अधिक पटते, कारण तेलाची वाट एका सकाळी बुजत नाही. मोटार मेली त्या दिवशी, पण आजारी पडली ती उभ्याउभ्या. तरीही पहिल्या पक्षाला मोडीत काढता येत नाही, आणि म्हणूनच हा धागा.

आधी यंत्राची बाजू समजून घेऊ. उभी मोटार म्हणजे सुरक्षित मोटार, हा आपला समज मूर्ती आणि नाणी पाहून झालेला आहे. नाणे पडून राहिले तर फारतर काळवंडते. मोटारीचे तसे नाही. इंजिन फिरत असते तोवर तेलाचा पातळ थर प्रत्येक भागावर पसरलेला असतो. ते महिनोन्‌महिने थांबले की थर निथळून खाली तळाशी जातो, सिलिंडरच्या उघड्या पृष्ठभागाला दमट हवा लागते आणि गंज धरतो. पेट्रोल आटून चिकट राळेसारखे बनते आणि कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजवते. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषून घेते. रबरी सील सुकून तडकतात. टायर एकाच जागी दबून तेथे चपटे पडतात. कोणत्याही जुन्या मेस्त्रीला विचारा, तो सांगेल की रोजच्या गाडीपेक्षा बंद गाडीचे काम अधिक निघते.

चालवण्याने झीज होते हेही तितकेच खरे. पिस्टन-रिंगा झिजतात, क्लचची अस्तरे जळतात, खडे उडून रंग उडतो. आणि रस्त्यावर तिऱ्हाइताची गाडी येऊन आदळणार नाही याची हमी कोण देणार? झिजलेला भाग बदलावा लागतो. एक भाग, मग दुसरा, मग तिसरा. येथून प्रश्न यंत्रशास्त्राचा राहत नाही, तो आपल्या विषयात, म्हणजे इतिहासात, प्रवेश करतो.

एम.ए.च्या पहिल्या वर्षी मी एका दफ्तरखान्यात मोडी कागदांचे रुमाल पाहायला बसत असे. तेथील एका वयस्क सेवकांनी पहिल्याच दिवशी बजावले होते की कागद उलगडताना घडीवर बोट फिरवायचे नाही, कारण तुटतो तो घडीवरच. घडी उलगडल्याशिवाय वाचन नाही, आणि प्रत्येक उलगडण्यात घडी थोडी अधिक विरते. मग तो कागद कायमचा बांधून ठेवावा का? ठेवला तर तो टिकेल, पण काही सांगणार नाही. घरोघरच्या पेटीतल्या पैठणीचेही असेच. नेसली तर विरते, आणि वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवली तरी त्याच घडीवर फाटते. आपल्या आज्या तिची घडी मधूनमधून बदलून ठेवतात. मोटारींविषयीचे निम्मे शहाणपण त्या एका सवयीत आहे.

पण ‘जपणे’ म्हणजे नेमके काय? मोटारींच्या जगात या शब्दाचा अर्थ गेल्या सत्तर वर्षांत पार बदलला, आणि तो बदल फार बोलका आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पेबल बीच येथे १९५० सालापासून मोटारींचे सौंदर्यप्रदर्शन भरते. समुद्राकाठच्या गोल्फच्या हिरवळीवर मोटारी मांडतात, परीक्षक हिंडतात आणि अखेरीस एकीला सर्वोत्तम ठरवतात. सुरुवातीच्या वर्षांत हा मान नव्या मोटारींना मिळे. १९५५ साली तो प्रथमच एका जुन्या मोटारीला मिळाला. ती १९३१ सालची पिअर्स-अ‍ॅरो होती आणि ती घेऊन आला होता फिल हिल. पुढे १९६१ साली फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेला तोच हा हिल. मोटार त्याच्या मावशीची होती आणि त्याने ती मेहनतीने पूर्ववत केली होती. या विजयानंतर हिरवळीचे वारेच फिरले. जुनी मोटार मिळवायची, तिचा शेवटचा स्क्रूही सुटा करायचा, सगळे घासून, रंगवून, मुलामा देऊन पुन्हा जोडायचे, अशी रीत पडली.

आपल्याकडे याला जीर्णोद्धार म्हणतात. आणि जीर्णोद्धाराने काय होते, हे कोणत्याही जुन्या देवळात दिसते : गाभाऱ्याला चकचकीत टाइल्स, कोरीव खांबांवर ऑइलपेंट, शिलालेखावर चुन्याचे थर. भक्ती खरी असते, पैसा कष्टाचा असतो, आणि शिलालेख गेलेला असतो. मोटारींचे तसेच झाले. विशीच्या दशकात बहुतेक मोटारींच्या पितळी भागांवर निकेलचा मुलामा असे, त्याची झळाळी किंचित पिवळसर आणि उबदार. क्रोमचा चलन वाढला तो त्या दशकाच्या अखेरीस. पण नंतर जीर्णोद्धार झालेल्या कितीतरी मोटारींवर आरशासारखे निळसर क्रोम चढले. कारखान्यात बॉडीच्या खालच्या अंगाला रंगाचा जेमतेम हात मारलेला असे, तेथेही आता मुख दिसेल असा रंग आला. मोटारी जन्मल्या तेव्हा होत्या त्याहून सुंदर झाल्या. कारागिरांनी सोडलेल्या खुणा, घाईत मारलेला वेडावाकडा टाका, पहिल्या मालकाच्या टाचेने झिजलेली पट्टी, हे सारे पुरावे कचऱ्यात गेले.

अशा मोटारी मग चालवणार कोण? त्या बंद ट्रेलरमधून येत, हिरवळीवर उतरत आणि पुन्हा ट्रेलरमध्ये चढत. पालखीतून मिरवणाऱ्या देवाचे पाय जमिनीला लागत नाहीत, तसे यांच्या चाकांना रस्ता लागेना. पेबल बीचच्या संयोजकांनाही हे खटकले असावे. १९९८ पासून प्रदर्शनाच्या आधी मोटारींची एक रस्त्यावरची फेरी सुरू झाली. आपल्या वर्गात दोन मोटारींना सारखे गुण पडले, तर ही फेरी पूर्ण करणारीला झुकते माप मिळते. नियम छोटा आहे, पण मोटार ही चालणारी वस्तू आहे याची कबुली त्यात आहे.

दरम्यान दुसरीकडे ‘न शिवलेल्या’ मोटारीची किंमत वाढू लागली. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला झालेला एक लिलाव गाजला. पश्चिम फ्रान्समधील एका जुन्या संग्रहातल्या, वर्षानुवर्षे शेडमध्ये आणि झाडोऱ्यात पडून राहिलेल्या मोटारी तेथे विक्रीस आल्या. त्यांत एक फेरारी होती, २५० जी.टी. कॅलिफोर्निया स्पायडर, एकेकाळी नट अलॅं दलॉं याच्याकडे असलेली. ती सापडली तेव्हा तिच्या अंगावर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले होते. लिलावापूर्वी ती धुतलीसुद्धा नाही. धुळीसकट मांडली आणि सव्वासोळा दशलक्ष युरोंहून अधिक किमतीला गेली. यात बाजाराची हौस किती आणि इतिहासाची चाड किती, हे ज्याने त्याने ठरवावे. धूळ हा पुरावा असतो, हे मला मान्य. धूळ हा दागिनाही होऊ शकतो, हे त्या दिवशी कळले.

आणि मग २०२४. पेबल बीचच्या सर्वोच्च मानावर इतिहासात पहिल्यांदा जतनाच्या वर्गातल्या, म्हणजे जीर्णोद्धार न झालेल्या, मोटारीचे नाव लागले : १९३४ सालची बुगाटी टाइप ५९ स्पोर्ट्स. रंग जुना, जागोजागी उडालेला, चामडे सुरकुतलेले. ही मोटार आधी कारखान्याच्या शर्यतीच्या चमूत होती आणि १९३४ ची बेल्जियन ग्रां प्री तिने जिंकली, तेव्हा चाकामागे रेने ड्रेफस होता. पुढे कारखान्यानेच तिचे रूप पालटून तिला स्पोर्ट्स मोटार केले आणि ती बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्याकडे गेली. काळ्या रंगावरचा पिवळा पट्टा त्या राजाच्या काळचा. फिल हिलच्या पिअर्स-अ‍ॅरोनंतर एकोणसत्तर वर्षांनी परीक्षकांनी सुरकुत्यांना पहिले बक्षीस दिले.

या ड्रेफसच्या नावाशी आणखी एक बुगाटी जोडली जाते, आणि तिच्याशिवाय हा धागा अपुरा राहील. १९२५ सालची बुगाटी ब्रेशिया, टाइप २२. दंतकथा अशी की ड्रेफस १९३४ साली पॅरिसमध्ये पत्त्यांच्या डावात ती हरला, जिंकणारा ती घेऊन स्वित्झर्लंडच्या सीमेवर आला, त्याच्याजवळ जकातीला पैसे नव्हते, म्हणून तो ती तेथेच टाकून गेला आणि अधिकाऱ्यांनी ती माज्जोरे सरोवरात लोटून दिली. पत्त्यांच्या डावाला भक्कम कागदी आधार मागितला तर कथा जरा अडखळते, तेव्हा तो भाग दंतकथा म्हणूनच घ्यावा. मोटार पाण्यात होती, हे मात्र निखालस खरे. १९६७ साली एका पाणबुड्याला ती तळाशी दिसली आणि जुलै २००९ मध्ये ती वर काढली गेली. त्यामागचे कारण चटका लावणारे आहे : स्थानिक पाणबुड्यांच्या मंडळातल्या एकाचा तरुण मुलगा २००८ साली मारहाणीत मरण पावला होता, त्याच्या नावाने निघालेल्या संस्थेला पैसा उभा करायचा होता. जानेवारी २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात या गंजक्या सांगाड्याला २,६०,५०० युरो मिळाले. ज्या अमेरिकी संग्राहकाने ती घेतली, त्याने तिला हातही न लावता जशीच्या तशी आपल्या संग्रहालयात मांडली. एक बाजू पत्र्याच्या चाळणीसारखी झालेली, दुसरी अर्धी शाबूत.

ही मोटार पुन्हा चालवता आली असती का? आली असती. नवी चासी, नवी बॉडी, जुन्या मोटारींतून गोळा केलेले भाग, आणि जुना नंबर. पण मग ती सरोवरातली बुगाटी उरली नसती. पंच्याहत्तर वर्षांचे पाणी हाच तिचा इतिहास आहे. ‘चालवा’ या पक्षाचा माणूस असूनही येथे मी विरुद्ध मत देतो.

उलट टोकाचे उदाहरण बेंटलीचे. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाणारी बेंटली स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. शर्यतीची गाडी म्हणजे सतत सुटे होणारे यंत्र. काही मोडले की बदलायचे, नियम बदलले की घडण बदलायची. १९३२ साली तिच्यात आठ लिटरचे मोठे इंजिन बसवले गेले आणि त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ती धावपट्टीच्या कडेवरून उडाली, चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला. मोटार पुन्हा बांधली गेली, यावेळी बंद टपाची. अनेक दशकांनी, १९९० च्या सुमारास, एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरला, आणि खरेदीदार मागे हटला. त्याचे म्हणणे, ही ती मोटारच नव्हे. प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने वाचावा असा हा खटला आहे. कोणता भाग केव्हाचा, याची तासन्‌तास छाननी झाली. १९२९ सालच्या मोटारीतले जवळजवळ काहीच उरलेले नव्हते. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी विक्रेत्याच्या बाजूने निर्णय दिला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा की ही मोटार कधीही नाहीशी झाली नव्हती, तिचा कधी त्याग झाला नव्हता. ती टप्प्याटप्प्याने बदलत आली आणि प्रत्येक टप्प्यावर लोक तिला त्याच नावाने ओळखत होते, म्हणून ते नाव तिचेच. माणसाच्या बाबतीत आपण हेच मानतो. शाळेतल्या फोटोतला मुलगा मीच, असे म्हणताना पेशींचा हिशेब कोणी मागत नाही.

म्हणजे पाहा : सरोवरातल्या बुगाटीची ओळख तिच्या पदार्थात आहे, बेंटलीची तिच्या अखंड वापरात. एकीला चालवणे म्हणजे पुसून टाकणे, दुसरीला कधी चालवलेच नसते तर तिच्याजवळ सांगण्यासारखे काही उरले नसते.

चालवण्याने आणखी एक गोष्ट टिकते, आणि ती कोणत्याही काचपेटीत मावत नाही. ती म्हणजे हातातली विद्या. १८९६ पर्यंत ब्रिटनमधल्या कायद्याने रस्त्यावरच्या स्वयंचलित वाहनांना चालत्या माणसाच्या वेगात जखडले होते. त्या वर्षी हे बंधन सैल झाले आणि १४ नोव्हेंबर रोजी मोटारवाल्यांनी लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारी हाकून तो दिवस साजरा केला. १९२७ साली त्या प्रवासाची पुनरावृत्ती झाली आणि आज दर नोव्हेंबरात ती होते. अट अशी की मोटार १९०५ पूर्वीची हवी. शंभर-सव्वाशे वर्षांची ही यंत्रे पावसाथंडीत सुमारे साठ मैल चालतात, काही वाटेत बंद पडतात, आणि त्यांच्या शेजारी गुडघ्यावर बसलेली माणसे दिसतात. ठिणगीची वेळ हाताच्या दांड्याने पुढेमागे कशी करायची, गिअर बदलताना कान कशाकडे ठेवायचा, चढ येण्यापूर्वी किती आधी तयारी करायची, हे पुस्तकात लिहिलेले असते, पण पुस्तकातून येत नाही. मोडी लिपीचे तेच. वाचणारे संपले असते तर कागद शाबूत राहूनही मुके झाले असते.

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ साली ट्यूरिन येथे एक सनद संमत केली. तिच्यातला विचार मला समजूतदार वाटतो : वाहनाचा वापर हा त्याच्या जतनाचाच भाग आहे, हस्तक्षेप शक्य तितका कमी असावा, आणि जे काही बदलले त्याची नोंद राहावी. ती शेवटची अट आपल्या धंद्याची आहे. काढलेला जुना भाग फेकू नये, डबीत घालून चिठ्ठी लावावी. नवा भाग जुना म्हणून खपवू नये.

मग प्रदर्शनात बक्षिसे मिळवणारी, लखलखीत, पूर्ण जीर्णोद्धार झालेली मोटार असलेल्या माणसाने काय करावे? माझ्या मते त्याने ती चालवावी. तिच्या अंगावरचा रंग पाच-दहा वर्षांपूर्वीचा आहे. त्याला ओरखडा पडला तर १९३० चे काही जात नाही, मालकाचे पैसे जातात. जपायचे होते ते जीर्णोद्धारातच गेले, आता उरली आहे ती चाल, ती तरी राहू द्यावी. मूळ रंग, मूळ चामडे, मूळ वायरिंग टिकवून असलेली मोटार मात्र वेगळ्या हिशेबाची. तिला बेताने, कोरड्या दिवशी, थोडे अंतर फिरवावे आणि परत ठेवावे. पैठणीची घडी बदलावी तसे. विक्रेते आणि सजावटवाले या दोघांत फरक करत नाहीत, म्हणून हे जरा ठासून लिहिले.

आपल्याकडे हा प्रश्न उलट्या बाजूने आला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटचीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. वीस वर्षांची वयोमर्यादा भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या शहराच्या रस्त्यांवरून गेल्या. तेव्हा कुठे, निदान एक तरी जपून ठेवा, अशी हाक ऐकू आली. दशकानुदशके ज्या गाड्या इतक्या चालल्या की त्या जपायच्या असतात हे कोणाच्या मनातही आले नाही, त्यांचे मीटर, टपावरचे कॅरिअर, आतले रंगीबेरंगी रेक्झिन किती उरले असेल?

राहिली ब्यूलीची सनबीम. संग्रहालयाच्या कार्यशाळेतल्या माणसांनी, त्यांत स्वयंसेवकही होते, ते जाम झालेले इंजिन खोलले, फुटलेले बाजूला केले, हवे ते नव्याने घडवले. जानेवारी २०१४ मध्ये ते बारा सिलिंडर पुन्हा धडधडले. २१ जुलै २०१५ रोजी, विक्रमाला बरोबर नव्वद वर्षे झाली त्या दिवशी, मोटार पेंडाइनच्या वाळूवर नेण्यात आली. चाकामागे कॅम्पबेलचा नातू डॉन वेल्स बसला होता. वेग अगदी बेताचा ठेवला होता.